आरशाला सहा महिन्यांची मुदत द्या

ताडकळससारख्या गावात ऑपरेशन लपून राहत नाही. पूर्णा तालुक्यातल्या या आपल्या गावात अपेंडिक्सचे असो की हर्नियाचे, संध्याकाळपर्यंत गल्लीला खबर लागते आणि दुसऱ्या दिवसापासून आजारपुशीला माणसे येऊ लागतात. ही आपली चांगली रीत आहे. पण शरीराचा आकार नीट करण्याचे ऑपरेशन झाले असेल, तर हीच चांगली रीत कधी कधी रुग्णाला जीव नकोसा करून सोडते.

हे ऑपरेशन करून घेणारे कोण असतात? तीन बाळंतपणांनंतर पोटाचे स्नायू फाकलेले, कातडी लोंबणारी, वाकले की कंबर धरणारी आई. छाती बायकांसारखी वाढली म्हणून वर्गात, विहिरीवर, कुठेच सदरा न काढणारा तरुण. लहानपणी स्टोव्हच्या भडक्यात मान आणि छाती भाजलेली मुलगी. ४० किलो वजन कमी केल्यावर अंगावर कातडीच्या घड्या उरलेला माणूस. या सगळ्यांनाच नटण्यामुरडण्याची हौस असते असे नाही. बहुतेकांनी वर्षानुवर्षे सोसलेले असते.

ही मंडळी नांदेडला, छत्रपती संभाजीनगरला, हैदराबादला किंवा पुण्याला जातात आणि काही दिवसांत घरी परततात. मग डॉक्टर राहतो दुसऱ्या जिल्ह्यात आणि निकाल द्यायला उरतात तिघे: आरसा, मोबाइल आणि पाहुणे. "एवढा पैसा घातला, अन् पोट तर हाय तसंच हाय की!" हे वाक्य दहाव्या दिवशी रुग्णाच्या कानावर पडले की त्या घरातली झोप जाते. या लेखात आम्हाला एवढेच सांगायचे आहे की दहाव्या दिवशी आरसा जे दाखवतो तो ऑपरेशनचा निकाल नसतो. मात्र दहाव्या दिवशी शरीर काही वेगळे सांगत असते, ते नीट ऐकले पाहिजे.

दोन प्रश्न, दोन मुदती

अशा ऑपरेशननंतर घरात दोन प्रश्न असतात आणि ते एकमेकांत मिसळतात. पहिला, "काही बिघडले तर नाही ना?" दुसरा, "चांगले दिसते का?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर रोज, किंबहुना दिवसातून दोनदा शोधावे लागते. दुसऱ्याचे उत्तर सहा महिन्यांच्या आत मिळतच नाही, आणि वण कसा दिसेल याचे उत्तर तर वर्ष-दीड वर्षाने मिळते.

आपल्याकडे नेमके उलटे होते. दिसण्याचा निकाल पहिल्याच आठवड्यात लावला जातो, आणि धोक्याच्या खुणेला मात्र "होईल बरे, सब्र करा" म्हणून चार दिवस थांबवले जाते. शेतकऱ्याच्या घरात हे समजावणे खरे तर सोपे आहे. सोयाबीन पेरल्यावर आठव्या दिवशी कोणी उतारा मोजत नाही. त्यासाठी तीन-साडेतीन महिने थांबतो. पण त्याच आठव्या दिवशी शेतात पाणी साचले तर तो थांबत नाही, चर काढायला धावतो.

सूज म्हणजे काय

ऑपरेशनमध्ये कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या तुटतात. लसिकावाहिन्या म्हणजे पेशींभोवतीचे जास्तीचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या. त्या तुटल्या की पाणी तिथेच साचते. शिवाय जखम भरून काढायला शरीर स्वतःच त्या जागी रक्तातला द्रव आणि पांढऱ्या पेशी पाठवते. त्यालाच आपण सूज म्हणतो.

चरबी शोषून काढण्याच्या ऑपरेशनला लायपोसक्शन म्हणतात. त्यात आधी कातडीखाली भरपूर औषधी पाणी सोडले जाते. त्यातले काही पाणी अंगात राहते. सलाइनचे पाणी असते ते वेगळेच. त्यामुळे चरबी काढूनही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वजनकाट्यावर वजन वाढलेले दिसते. "चरबी काढली म्हणता, मग वजन कसे वाढले?" या प्रश्नाचे उत्तर हे पाणी आहे. लघवीवाटे ते हळूहळू निघून जाते.

साधारणपणे काय होते ते सांगतो. प्रत्येकाचे शरीर वेगळे, म्हणून आपल्या डॉक्टरांनी सांगितलेले शेवटचे समजावे.

पहिला आठवडा: सूज तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत वाढत जाते. म्हणजे पाचव्या दिवशी माणूस पहिल्या दिवसापेक्षा वाईट दिसतो, आणि तरीही सगळे ठीक असू शकते. काळेनिळे डाग खाली उतरतात. ऑपरेशन पोटाचे आणि डाग मांडीवर, असे होते. पोटाची कातडी कापून ताणून बसवली असेल, ज्याला टमी टक म्हणतात, तर माणूस काही दिवस कमरेत वाकूनच चालतो. टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून डॉक्टरच तसे चालायला सांगतात. ती पाठीची व्याधी नव्हे.

दुसरा ते सहावा आठवडा: डाग जातात, सूज उतरू लागते, पण सारखी उतरत नाही. डावी बाजू आधी, उजवी नंतर. सकाळी पोट सपाट, संध्याकाळी फुगलेले. हाताला कुठे टणक, कुठे गाठीगाठी लागते. कातडी बधिर असते, मधूनच मुंग्या येतात, विजेचा झटका बसल्यासारखे होते. नसा जाग्या होत असल्याची ती खूण असते. छातीचे ऑपरेशन केलेल्या तरुणाला स्तनाग्राखाली कडक गोळा लागतो आणि तो घाबरतो, की गाठ राहूनच गेली. बहुतेक वेळा तो भरत आलेल्या जखमेचा टणकपणा असतो आणि काही महिन्यांत मऊ पडतो.

तीन महिने: आकार ओळखू येऊ लागतो. पण वण याच सुमारास सगळ्यात लाल, जाड आणि खाजरा असतो. ज्यांनी पहिल्या महिन्यात "वण किती बारीक आला" म्हणून शुक्र केला होता, ते आता खचतात. खचू नये, वणाची हीच चाल आहे.

सहा महिने ते दीड वर्ष: सूज जवळपास गेलेली असते. वण हळूहळू फिका आणि मऊ होतो. बेंबीखालच्या कातडीचा थोडा बधिरपणा काहींना कायम राहतो.

जखमेच्या ताकदीचा हिशेबही लक्षात ठेवण्यासारखा आहे. टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली असे आपण धरतो. प्रत्यक्षात तिसऱ्या आठवड्यात जखमेत मूळ कातडीच्या सुमारे २० टक्के ताकद आलेली असते. तीन महिन्यांनी ती सुमारे ८० टक्क्यांवर जाते, आणि पूर्ण १०० टक्के कधीच होत नाही. म्हणून सहा आठवडे हंडा उचलायचा नाही, नातवाला कडेवर घ्यायचे नाही, सिलिंडर सरकवायचा नाही. सून उभी चालताना दिसली की "आता लागा कामाला" म्हणणाऱ्या सासूबाईंनी हा २० टक्क्यांचा आकडा आठवावा.

दहा महिन्यांनी काढलेले चित्र

हा थांबण्याचा धडा नवा नाही. या शास्त्रातला जगभर गाजलेला एक दाखला आपल्याच महाराष्ट्रातला, पुण्याजवळचा आहे.

कावसजी नावाचा एक मराठा गडी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकत होता. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात, १७९२ साली, तो कैद झाला आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. वर्षाहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. आधी मेणाचा पातळ नमुना नाकाच्या जागी बसवून पाहिला, मग तो उलगडून कपाळावर ठेवला आणि त्या मापाची कपाळाची कातडी सोडवली. दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवली, म्हणजे कातडीला रक्त मिळत राहील. मग ती कातडी वळवून खाली आणली आणि नाकाच्या जागी बसवली. सांधे धरून ठेवायला पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर लावून एकावर एक ठेवला. चार दिवस तो हलवला नाही. नंतर तुपात भिजवलेल्या पट्ट्या ठेवल्या.

लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ही हकिकत छापली. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे ऑपरेशन पाहिल्याचेही तिथे नमूद आहे. ती वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या सर्जनने १८१४ साली तिथे अशीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिले. आजही कपाळाच्या कातडीने नाक दुरुस्त करतात तेव्हा ती पद्धत भारतीय म्हणूनच ओळखली जाते.

आमचे लक्ष त्या हकिकतीतल्या दिवसांच्या हिशेबाकडे गेले. रुग्णाला पाच-सहा दिवस उताणे निजवायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाच्या घड्या आत घालायच्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापायची, आणि तेव्हा नाकाचे रूप सुधारण्यासाठी आणखी थोडी कापाकापी करायची. म्हणजे पंचविसाव्या दिवसापर्यंत कपाळापासून नाकापर्यंत पिळलेली कातडी लोंबत असणार. त्या दिवसांत कोणी कावसजीला आरसा दाखवला असता, तर त्याला काय वाटले असते? ज्या चित्रामुळे तो जगाला माहीत झाला, ते जेम्स वेल्स या चित्रकाराने जानेवारी १७९४ मध्ये काढले, ऑपरेशनला दहा महिने झाल्यावर. हे चित्र दहाव्या दिवशी काढले असते, तर ते पाहून लंडनमध्ये कोणी हे ऑपरेशन करायला धजले असते असे वाटत नाही.

"अल्लाहने दिलेले रूप बदलले ना, म्हणून असे झाले"

सूज पाहून हेही बोलले जाते, आणि रुग्णाच्या उशाशी बसून बोलले जाते. म्हणून या बाबतीत थोडे.

जायज-नाजायजचा प्रश्न खरा आहे, पण तो ऑपरेशनच्या आधीचा आहे. हदीसच्या ग्रंथांत हजरत अरफजा बिन असअद (रजि.) यांची हकिकत येते. कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक गेले. त्यांनी चांदीचे नाक बसवून घेतले, त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक करून घेण्यास सांगितले, एरवी पुरुषांना सोने वर्ज्य असताना. यातून उलमांनी दोष दूर करण्याच्या उपचाराला वाट काढली. आम्हाला यात आणखी एक गोष्ट दिसते. पहिला उपाय मानवला नाही, तर त्यावर दुसरा उपाय सांगितला गेला. पहिला फसला म्हणून दोष दिला गेला नाही.

जुलै २००७ मध्ये मलेशियातील पुत्रजाया येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीचे अठरावे अधिवेशन झाले. त्यात सौंदर्यशस्त्रक्रियेवर सविस्तर ठराव झाला. जन्मजात व्यंग, अपघात, भाजणे, आजार यांमुळे आलेला दोष दूर करणे आणि अवयवाला त्याचे मूळ रूप व काम परत देणे जायज ठरवले गेले. वजन आजाराच्या थराला गेले असेल, दुसरा उपाय उरला नसेल आणि नुकसानीची भीती नसेल, तर चरबी काढण्याचे ऑपरेशनही त्यात बसते. निव्वळ हौसेपोटी किंवा कोणासारखे तरी दिसण्यासाठी चांगल्या शरीराचा घाट बदलणे त्यात बसत नाही. आपले प्रकरण कशात मोडते ते आधी डॉक्टरांशी आणि जाणत्या आलिमांशी बोलून ठरवावे. ऑपरेशन झाल्यावर, टाके ओले असताना, हा वाद उशाशी काढणे म्हणजे आजारपुशी नव्हे. आणि सूज ही शिक्षा नसते. ती जायज ऑपरेशननंतरही तेवढीच येते.

नमाज, वुजू आणि पट्टा

पोटाच्या ऑपरेशननंतर सहा आठवड्यांपर्यंत घट्ट पट्टा किंवा घट्ट कपडा घालायला सांगतात. सूज आटोक्यात राहावी आणि सुटी झालेली कातडी खालच्या थराला चिकटावी, हे त्याचे काम. तो वारंवार काढला तर आत पाणी साचू शकते. वुजूसाठी दरवेळी ड्रेसिंग उघडण्याची गरज नाही. जखमेवरच्या पट्टीवर ओला हात फिरवून मसह करण्याची सवलत शरीअतने दिलेली आहे. रुकू-सजद्यात पोटावर ताण येत असेल, तर खुर्चीवर बसून इशाऱ्याने नमाज अदा करता येते. रमजान आला तर आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा आहे. जखम भरायला पाणी आणि प्रथिने लागतात, म्हणून या मुभेकडे कमीपणा म्हणून पाहू नये.

आहारात डाळ, अंडी, दूध, मासे, मटण चालते. तंबाखू, गुटखा, बिडी आणि बायकांची मिसरी मात्र आधी आणि नंतर काही आठवडे पूर्ण बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ताणून बसवलेल्या कातडीच्या कडेला रक्त पोहोचत नाही. ती कड काळी पडून सडू शकते. मिसरी लावण्याची सवय डॉक्टरांना सांगायला बायका लाजतात. लाजू नये.

आपल्या घरचा आणखी एक उपाय इथे घातक ठरतो, तो म्हणजे शेक. बाळंतिणीला शेगडीचा शेक देण्याची आपली रीत. पण ऑपरेशन झालेल्या पोटाची कातडी बधिर असते. गरम पाण्याची पिशवी किती तापली हे तिला कळत नाही आणि माणूस न ओरडता भाजतो. सूज उतरावी म्हणून शेक देऊन कातडी जळाल्याचे प्रकार डॉक्टरांना माहीत आहेत. अंगारा, हळदीचा लेप, तेलाची जोरदार मालीश यातले काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

ज्या ठिकाणी सब्र करायचा नाही

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. खालीलपैकी काहीही दिसले तर सहा महिने काय, सहा तासही थांबू नये.

एका पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली. पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असू शकते. तीच गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर अचानक धाप लागते, छातीत कळ येते, चक्कर येते. अशा ऑपरेशननंतर जीव जाण्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे. धाप लागली तर कोणाला विचारत बसू नये, १०८ ला फोन करावा. गुठळी होऊ नये म्हणूनच डॉक्टर दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात चालायला लावतात. "तिला उठवू नका, आराम करू द्या" ही माया इथे उलटते.

एकच बाजू अचानक टम्म फुगली, ताणली गेली, दुखणे वाढले. आत रक्तस्राव होत असू शकतो.

ताप आला, जखमेभोवतीची लाली दिवसेंदिवस पसरू लागली, पू किंवा घाण वास आला.

कातडीची कड आधी जांभळी, मग काळी होऊ लागली.

पोटावर हात ठेवल्यावर पखालीत पाणी हलावे तसे हलते. कातडीखाली पाणी साचलेले असते; डॉक्टर ते सुईने काढतात. घरी टोचू नये.

दुखणे कमी होत आले होते आणि पुन्हा वाढू लागले.

खूण साधी आहे. बरी होणारी गोष्ट, हळू का होईना, एका दिशेने बरी होते. उलट दिशा धरली की फोन करायचा. दोन्ही बाजूंची सूज सावकाश उतरत असेल तर थांबावे; एकाच बाजूची वाढत असेल तर निघावे.

गाव लांब असल्याने हे आधीच ठरवून ठेवावे लागते. रात्री दोन वाजता कोणाला फोन करायचा? परभणी-नांदेडचा कोणता सर्जन गरज पडल्यास पाहील? निचऱ्याची नळी निघेपर्यंत त्याच शहरात नातेवाइकांकडे राहता येईल का? डिस्चार्ज कार्डावर नेमके काय केले ते लिहिले आहे का? ऑपरेशनची तारीख घेण्याआधी ही उत्तरे मागावीत. डॉक्टरांची पदवीही पाहावी. प्लास्टिक सर्जन हा एमबीबीएस आणि जनरल सर्जरीनंतर प्लास्टिक सर्जरीचे एमसीएच किंवा त्या तोडीचे शिक्षण घेतलेला असतो. महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलकडे त्याची नोंद तपासता येते. भाजल्यानंतरच्या उपचारांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जागा आहे. निव्वळ दिसण्यासाठीच्या ऑपरेशनला सरकारी योजना किंवा विमा पैसे देत नाही. म्हणून बजेट करताना पहिल्या ऑपरेशनबरोबर पट्टा, प्रवास आणि फेरतपासण्यांचाही खर्च धरावा.

मोजायचे कसे

थांबायचे म्हणजे डोळे मिटून बसायचे असे नाही. दर महिन्याच्या एकाच तारखेला, सकाळी, त्याच भिंतीपुढे, त्याच उजेडात फोटो काढावा. शिंप्याच्या फितीने बेंबीच्या रेषेत माप घेऊन वहीत लिहावे. रोज आरशापुढे उभे राहू नये, कारण रोज पाहणाऱ्याला बदल दिसत नाही आणि संध्याकाळची सूजच डोळ्यांत भरते. फोटो नवऱ्याच्या किंवा बहिणीच्या मदतीने काढावे, डॉक्टरांखेरीज कोणालाही पाठवू नयेत, आणि मोबाइलमधून ते आपोआप दुसरीकडे जमा होत नाहीत ना हे घरातल्या जाणत्या मुलीकडून तपासून घ्यावे. हयेचा प्रश्न इथे आहे आणि सुरक्षेचाही.

मोबाइलवर दिसणारे "आधी" आणि "नंतर"चे फोटो पाहताना एवढेच विचारावे, की हा "नंतर" कितव्या महिन्याचा? बहुतेकदा ते लिहिलेले नसते. त्याच्याशी आपला दहावा दिवस तोलणे हा आपल्यावर अन्याय आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अनेकांना रडू येते, "उगीच केले" असे वाटते. दुखणे, गोळ्या, अपुरी झोप, परावलंबन आणि आरशातले सुजलेले शरीर यांचा तो एकत्र परिणाम असतो. बहुधा तो ओसरतो. पण अन्न जात नसेल, झोप उडाली असेल, जगणे नको वाटू लागले असेल, तर हेही धोक्याच्या खुणांत धरावे आणि डॉक्टरांना सांगावे.

सहा महिन्यांनीही बाजू असमान राहिली, कातडीची कड उंच राहिली, वण मूळ जखमेबाहेर पसरत गेला, तर तक्रार करण्याचा आपला हक्क आहे. वह्या, फोटो आणि कागद घेऊन त्याच डॉक्टरांकडे आधी जावे. छोटी दुरुस्ती बहुधा सहा महिने ते वर्षानंतर, सूज गेल्यावर आणि कातडी मऊ झाल्यावरच करतात. घाईत, दुसऱ्या महिन्यात दुसऱ्या दवाखान्यात जाऊन पुन्हा कापून घेतले तर नुकसान वाढते. डॉक्टरांचा खरोखरच निष्काळजीपणा असेल, तर मेडिकल काउन्सिल आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगही आहे. तिथे दोन वर्षांच्या आत जावे लागते, हे थांबताना विसरू नये.

पाहुण्यांसाठी शेवटचे

इयादतला जाणे सुन्नत आहे. जा, पण थोडा वेळ बसा. पोटाकडे पाहू नका, रुग्णाच्या डोळ्यांकडे पाहा. "किती फरक पडला" हे विचारू नका. "ताप नाही ना? पाय दुखत नाही ना? जेवण जाते का?" हे विचारा. जमले तर एका वेळचा डबा पोहोचवा, पोरांना दोन तास आपल्या घरी न्या, पाण्याचा हंडा भरून ठेवा. दुआ करा आणि निघा. कसे दिसते ते सहा महिन्यांनी त्या भाभीच ठरवतील, आणि सांगावेसे वाटले तर सांगतील.